पहिली गवरी

सोलापूरच्या शाळेची बस आमच्या वस्तीवर आली तवा सर म्हणाले, “पुस्तकं बंद. आज शेणात हात घालून अनुभवातून शिकायचं.” पोरं नाक दाबून हसली. त्यांच्यात माझी लेक होती, मामाकडं राहून तितं शिकणारी. तिनं मला वळख दिली न्हाय. सरांनी पैली गवरी तिलाच थापायला लावली. लहानपणापासनं माझ्यासंगं भिंतभर गवऱ्या थापलेली तीच पोर बोटांच्या टोकांनी शेण चिवडत बसली, त्यात भुसकट कालवायचं मुद्दाम इसरली. भिंतीला लावताच गवरी घसरून पडली. पोरं हसली, तीबी हसली. “काकू, जमेल का हिला?” सरांनी इचारलं. “न्हाय सर,” मी तिच्याकडं बघत म्हणलं, “हिनं जन्मात शेण बघितलं न्हाय.” हात धुवायला मात्र ती कुणाला न इचारता गोठ्यामागच्या रांजणाकडं निघाली. मी वाट अडवली. “पाव्हण्यांचा नळ तिकडं हाय.”