दुमडलेल्या बाह्या

लेथ मशीन शिकायला शाळेत डोळ्यांवर चढवायचे व्हीआर हेडसेट आलेत आणि वर्गात सगळ्यात भारी मीच चालवते! पप्पा सातपूरच्या कंपनीत टर्नर होते. "रविवारी चल, खरी लेथ दाखवतो," म्हणायचे. मी कधी गेलेच नाही, आणि आता पप्पाच नाहीत.

आज हेडसेटमधली लेथ काही केल्या सुरूच होईना.

"काय टर्नरबाई, गंडलं वाटतं?" वर्गातली योगिनी हसली.

तेवढ्यात लेथ फिरायला लागली. मी हेडसेट काढला. माझ्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून पप्पा कामावर निघताना दुमडायचे तशाच, आतल्या बाजूनं.

"योगिनी, तू केलंस?"

"मी इथे लांब बसलेय गं!"

बाह्या खाली ओढून मी हेडसेट पुन्हा चढवला. लेथ थांबली होती.

बाह्या दुमडून घ्यायला मी दोन्ही हात पुढे धरून उभी राहिले.