दोन ठोके

काहीच ऐकू आलं नाही. प्लंबरने पाना उचलून ढिगाऱ्यातून वर आलेल्या लोखंडी पाइपवर पुन्हा दोन ठोके दिले आणि पुन्हा कान लावला. काल सकाळपर्यंत हा पाइप त्याच्या स्वयंपाकघरातून गच्चीवरच्या टाकीपर्यंत जात होता. आता स्वयंपाकघरावर तीन मजले येऊन बसले होते, आणि आत त्याची बायको होती.

सगळ्या इमारतीला त्याने प्लास्टिकचे पाइप टाकले होते. स्वतःच्या घराला मात्र हट्टाने लोखंडी. "घर आहे की कारखाना?" म्हणून बायकोने यथेच्छ टिंगल केली होती. पण तो गच्चीवर असताना नळाचं पाणी गेलं, की तीच चमच्याने त्या पाइपवर दोन ठोके द्यायची आणि तो मोटार चालू करायचा. प्लास्टिकमधून एवढा आवाज गेला नसता. कालपासून त्याची सगळी भिस्त या एका गोष्टीवर होती.

बचाव पथकाचा प्रमुख शेजारी येऊन उभा राहिला. "दादा, आतून चाहूल लागली तर हाताने खणू. नाहीतर बारा वाजता मशीन लावतो."

"मशीनने उरलंसुरलंही खाली बसेल हो."

"माहीत आहे," प्रमुख म्हणाला आणि त्याने घड्याळात पाहिलं. बाराला वीस मिनिटं होती.

दोन पावलांवर सासू विटांवर बसून पुटपुटत होती. "देवा, दया कर. तुझंच लेकरू आहे रे." कालपासून हेच. प्लंबरचं डोकं फिरलं.

"आई, पुरे करा आता! कालपासून हाका मारताय. कोणी ऐकत नाहीये."

बोलला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची तर पोटची पोर आत होती. पण म्हातारी चिडली नाही.

"तुम्ही तरी कुठे ठोकायचं थांबवलंत, जावईबापू?" एवढंच म्हणाली आणि तोंड मिटून बसली, त्याला नीट ऐकू यावं म्हणून.

त्याने कान लावला. आधी वाटलं, आपलीच छाती धडधडतेय. मग पुन्हा आलं. टक टक.

"हाताने खणा!" तो किंचाळला. "जिवंत आहे! ती जिवंत आहे!"

माणसं धावली. घमेली हातोहात फिरू लागली. प्लंबरने पान्याने उलट दोन ठोके दिले, पण खालचे ठोके त्यांना उत्तर देत नव्हते. ते आपले चालूच होते, दमलेले, मध्ये बराच वेळ जाऊ देत. तिच्या कानात धूळ गेली होती की तिला शुद्धच कमी होती, कोण जाणे. तो पाइपच्या तोंडाशी ओरडला, "अगं, ऐकू येतंय मला! आलो! आलोच!" टक टक. त्याचं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

पाना टाकून त्याने नुसत्या हातांनी विटा उपसायला सुरुवात केली. बोटं सोलवटली, नखं तुटली, त्याचं भान नव्हतं. तो रडत होता.

"इतक्या जवळ आहोत आपण, आई. तिला कळतच नाहीये."

सासूने त्याच्या हातातली वीट घेतली आणि मागे ठेवली. मग दुसरीसाठी हात पुढे केला.

"कसं कळेल?" ती म्हणाली. "तिला वाटत असेल, कोणी ऐकत नाहीये."