वीस सेकंद

“तुम्ही वाचू नका,” वृत्तसंपादक तिसऱ्यांदा म्हणाले. “आठचं बातमीपत्र दुसरं कुणीही वाचेल. लोक समजून घेतील.”

“बाबांनी समजून घेतलं नसतं,” ती म्हणाली आणि पेन्सिलीने कागदावर खुणा करत राहिली. छोट्या विरामाला एक तिरकी रेघ, मोठ्या विरामाला दोन. बाबांनीच शिकवलेल्या.

बाबा काल दुपारी गेले. सुरुवात त्यांनी याच रेडिओ केंद्रावर केली होती. पुढे बत्तीस वर्षं दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी बातम्या दिल्या. त्यांच्या बातम्यांवर लोक आपलं घड्याळ लावायचे. इतक्या वर्षांत ते एकदाही अडखळले नाहीत, असं सगळे सांगत. खरं तर अडखळले होते, पण थांबले नव्हते. “ऐकणाऱ्याला चूक कळलेली नसते,” ते म्हणायचे. “आपणच माफी मागून कळवतो.”

घरातही त्यांचा हाच नियम होता.

आईही तेव्हा याच केंद्रावर निवेदिका होती. दूरचित्रवाणीसाठी दोघांनी एकाच दिवशी चाचणी दिली. निवड आईची झाली. पत्र बाबांच्या हाती पडलं. त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मुदत उलटल्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला बोलावणं आलं. तो क्रमांक बाबांचा होता.

दोन वर्षांनी कोट धुवायला काढताना आईला ते पत्र सापडलं. तोवर ती बाळंतपणासाठी रेडिओही सोडून बसली होती. ती रडली नाही, माहेरी गेली नाही. “चुकलं म्हणा,” एवढंच म्हणाली.

“झालं ते झालं,” बाबा म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी बाबांचा चेहरा पडद्यावर आला, की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि बातम्या संपेपर्यंत धुतलेली भांडी पुन्हा धुवायची.

काल शेवटच्या क्षणी बाबांचे ओठ हलले, तेव्हा आईने कान जवळ नेला होता. बाहेर आल्यावर लेकीने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

“वेळ विचारली,” आई म्हणाली. “किती वाजले म्हणून.” मग, “एक शब्द हवा होता गं. तेवढा एकच. आता राहिलाच.”

स्टुडिओच्या काचेपलीकडे तंत्रज्ञकाका बसले होते. बाबा अधूनमधून इथेही वाचायला यायचे आणि ती शाळेचं दप्तर घेऊन त्यांच्यासोबत, तेव्हापासूनचे.

“ताई, काल संध्याकाळी दोन तास जुन्या ध्वनिमुद्रणांची नोंदवही चाळत बसलात,” ते म्हणाले. “बाबांची कुठली फीत काढून ठेवू? शेवटी लावू या.”

“काढू नका काही. हवी ती जागेवर आहे.”

“असू दे मग. फार माणूसघाणा माणूस, पण आवाज काय! एकदा माझ्याकडून भलतंच संगीत वाजलं. मी सॉरी सॉरी करत सुटलो, तर म्हणतात, आधी ते बंद कर, गाढवा.”

ती किंचित हसली. मग कोपऱ्यातल्या कळकट कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, “ते यंत्र चालतंय अजून?”

“ते ना? या महिनाअखेरीला भंगारात. पण चालतंय. प्रसारणात शांतता पडली की आपोआप फीत वाजवतं.”

“किती सेकंदांनी?”

“वीस. मोजून वीस.” काकांचा आवाज खाली आला. “घाबरू नका. घसा दाटला तर दाटू दे. ते यंत्र सांभाळून घेईल.”

“आतली फीत बदलली नाही ना कुणी?”

“कोण बदलणार? वाजतेय कुठे? माझ्याही आधीची आहे ती. तेव्हा असली फुटकळ कामं नवख्यांच्या गळ्यात मारायचे. तुमच्यावर ती वेळ येणार नाही, बघा.”

आठला पाच मिनिटं होती. तिने घरी फोन लावला.

“आई, रेडिओ लाव.”

“सकाळीच सांगितलं ना, मला नाही ऐकायचं. आयुष्यभर ऐकलं. घरात माणसं आली आहेत.”

“माझ्यासाठी लाव. मी वाचणार आहे.”

“तू वाचशील. त्यांचीच मुलगी ना. गळा काढणार नाहीस. नीट वाच.”

फोन ठेवताना तिला मागे, लांबून, केंद्राची सुरावट ऐकू आली. रेडिओ आधीच लागलेला होता.

आठ वाजले. लाल दिवा लागला. तिने पहिल्या तीन बातम्या वाचल्या. आवाज सपाट, स्वच्छ. वृत्तसंपादक काचेमागे उभे होते, हळूहळू ते खुर्चीत टेकले. चौथी बातमी बाबांची होती. जन्म, शिक्षण, या केंद्रावरचा पहिला दिवस, पडद्यावरची बत्तीस वर्षं. कुठेही कंप नाही. काकांनी अंगठा उंचावला.

“त्यांच्या पश्चात एक मुलगी,” ती म्हणाली, “आणि पत्नी...”

इथे कागदावर एकच रेघ होती. ती थांबली, ती थांबूनच राहिली.

पाच सेकंद. काकांनी हात हलवला. आठ. वृत्तसंपादक उठले. “कोसळली पोर,” काका पुटपुटले. बारा. त्यांनी संगीताच्या बटणाकडे हात नेला. तिने मान वर केली, काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि ठामपणे नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते. मग तिने पुन्हा भिंतीवरच्या सेकंदकाट्यावर नजर लावली. सतरा. अठरा. एकोणीस.

कपाटात काहीतरी खटकन वाजलं. आणि बाबांचा तेविसाव्या वर्षीचा, नवखा, जरासा घाबरलेला आवाज शहरातल्या प्रत्येक घरात, आईच्या स्वयंपाकघरात, म्हणाला, “चूक आमच्याकडून झाली आहे. क्षमा असावी.”