भिंतीपलीकडून

शेजारी कुणीतरी दिवसभर सामाईक भिंतीवर वाटी आपटायचं. वाचनात लक्ष लागेना. भांडायला जायची हिंमत नव्हती, म्हणून मी जाडजूड शब्दकोश भिंतीवर हाणायचो, तसा वाटीला आणखीच जोर चढायचा. कंटाळून आज दुपारभर वाचनालयात बसलो. परतलो तर शेजारची सून दारातच उभी. “काका, कुठे होतात? मामंजी वाटी वाजवून थकले. पक्षाघातात वाचा गेली त्यांची. तुम्ही भिंतीवरून उत्तर देता म्हणून चार घास खातात. आज ताटाला शिवलेच नाहीत.” ते उत्तर नव्हतं, राग होता, हे सांगायला जीभ रेटेना. तिच्यामागे आत गेलो, त्यांच्या पलंगाशी बसलो, घास पुढे केला. त्यांनी माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि कान देऊन पडून राहिले. “तुम्ही घरी जा, काका,” सून हलकेच म्हणाली, “मी घास धरून थांबते.”