धाव

"माझ्या अक्षरांना बाण लागत नाही. माणूस आपोआप त्यांच्यामागे जातो!"

भर सभेत असं ठणकावून टाळ्या घेतलेला अक्षरकार आता इस्पितळाच्या लाँड्रीसमोर गाडी थांबवून बसला होता. मागच्या सीटवर बायको छाती धरून आडवी झाली होती.

"अहो," ती म्हणाली, "इथे तर चादरी धुतात."

त्यानं गाडी मागे घ्यायला पाहिलं, तर मागे चादरींचा टेम्पो आडवा. टेम्पोवर 'जलद सेवा' असं लिहिलेलं. अक्षरं त्याचीच होती. टेम्पो जागचा हलेना. चालक चहाला गेला होता.

त्या अक्षरांचं नाव 'धाव'. नखरा नाही, टोकं छाटलेली, अंगानं जाड, आणि सगळी उजवीकडे झुकलेली. ऐन उमेदीची वर्षं त्यानं त्या झुकावात घातली. मग बुटांची खोकी, कुरिअरच्या गाड्या, सेलचे फलक, जिकडेतिकडे 'धाव' दिसू लागली. बायको म्हणायची, "बस चुकलेल्या माणसांसारखी दिसतात हो तुमची अक्षरं." तो म्हणायचा, तुला कळायचं नाही. तिला कळतही नव्हतं. पण चौकात पाटी दिसली की मैत्रिणींना थांबवून दाखवायची.

इस्पितळानं पाटी मागवली तेव्हा कच्च्या आराखड्यात बाण होता. त्यानं घरबसल्या तो खोडला. अक्षरांच्या अंगातच वेग असताना वर बाण कशाला? इस्पितळ बघायला तो कधी गेला नाही. गरजच काय?

आज फाटकातून आत शिरल्यावर समोर ती पाटी आली. 'तातडीचा विभाग'. तांबडी, ठसठशीत. त्यानं विचारही केला नाही. गाडी उजवीकडे वळवली.

टेम्पो हलला, मग दार सापडलं, मग स्ट्रेचर आलं. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "थोडं आधी आणायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. त्यानं मान हलवली. कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी.

मग तो बाहेर येऊन पाटीखाली उभा राहिला. हातात तिची चप्पल होती. एकच. दुसरी गाडीत असावी.

"काका, तुम्हीपण लाँड्रीकडे गेलात ना?" वॉचमननं विचारलं. "रोजचंच आहे. दार डावीकडे, आणि पब्लिक वळतं उजवीकडे. काय भानगड आहे, देव जाणे."

"अक्षरं तिकडे झुकलीत," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "माझी आहेत. मीच काढलीत."

वॉचमननं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा! मग बरे भेटलात. काका, खाली एक बाण काढून द्या ना. डावीकडचा. छोटासा चालेल."