साहेब प्यायले होते

"वहिनी, पुन्हा आलात?" हवालदार रामकिसन खुर्चीतून उठून उभा राहिला. "घरी जा. तुमचंच नुकसान हाय यात."

"नव्या मॅडम आल्यात म्हणं. त्यांना भेटून जाते," म्हणत सुलेखाबाई बाकावर टेकल्या.

दिवाळीपासून हा बाक त्यांच्या ओळखीचा झाला होता. गुलमंडीतल्या एका खोलीत आता त्या एकट्याच राहत. ज्या बायकांबरोबर वर्षानुवर्षं पापड लाटले, त्या समोरून दिसल्या की कुठल्याही दुकानात शिरत. मुलाचा, गोकुळचा फोन आलाच तर एवढाच, "आई, माझ्या नोकरीवर गदा आणशील." सुलेखाबाई भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करत. तेवढंच चार शब्द बोलणं व्हायचं.

आतून हाक आली.

मंजुषा मॅडम तरुण होत्या, बदलून आलेल्या. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा मावशी. फाईल अजून पाहिली नाही मी. तुम्हीच सांगा."

"सिल्लोड रोडवरचा अपघात, मॅडम. कडुबाचा टेम्पो आपल्या बाजूनं येत होता. साहेबांची गाडी उलट्या बाजूनं आली. साहेब लई प्यायलेले होते."

"पोलीस?"

"व्हय. याच खात्यातले. पण कागदावर कडुबा प्यायलेला दाखवला. त्या गरिबानं जल्मात थेंब घेतला नाय. आत हाय तो. पिशोरला त्याची आशाबाई दुसऱ्याच्या रानात राबती."

"आणि तुमचं कोण होतं त्यात?"

"माझे यजमान. जागीच गेले."

मंजुषा मॅडम पाण्याचा पेला पुढं करत म्हणाल्या, "इतके दिवस कुणी जबाब घेतला नाही?"

"चहा पाजतात. हात जोडतात. म्हणतात, वहिनी, झालं गेलं विसरा."

"आपल्या माणसावर पांघरूण घालायची सवयच आहे इथं." मॅडमचा आवाज चढला. "साहेब प्यायले होते, हे तुम्ही शपथेवर सांगाल?"

"सांगंन की. त्यासाठीच तर येते."

"नंतर माघार घेतलीत तर कडुबा सुटायचा नाही. दबाव येईल. घरचेसुद्धा बोलतील."

"बोलायला कुणी राहिलंय कुठं, मॅडम? तुम्ही लिवा."

दारात रामकिसन घुटमळत होता. "मॅडम, जरा बाहेर या. एक सांगायचं व्हतं."

"काही सांगू नका. दार लावा." मॅडमनी कोरा कागद ओढला. "मावशी, कितीही मोठा अधिकारी असू दे, मी सोडणार नाही त्याला. कुठं असतात हे साहेब सध्या?"

सुलेखाबाईंनी पदर सावरला.

"त्यांना काय धरता आता? साहेबांचं तेरावं माझ्याच घरी झालं."