कानातला आवाज

जळमटं काढताना इंदुमतीने नवऱ्याचा अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदाच बंद केला. गरम राहिला तरच सूर खुलतो म्हणून तो रात्रंदिवस चालू असायचा. लाइट गेले तरी इन्व्हर्टरवर.

आणि तिच्या कानातला घूं घूं आवाज थांबला.

त्यासाठी ती कित्येक वर्षं गोळ्या घेत होती. घराबाहेर तो गोंगाटात बुडतो, असं तिला वाटायचं. "मला नाही बुवा काही ऐकू येत," म्हणत नवराच तिला डॉक्टरांकडे न्यायचा. तिने बटण दाबलं, आवाज आला. पुन्हा दाबलं, गेला. बिचाऱ्याला ऐकूच येत नव्हतं, त्याचा तरी काय दोष, असं तिने मनाला समजावलं.

तेवढ्यात तो भाजी घेऊन आला आणि दारातच थबकला.

"अ‍ॅम्प्लिफायर बंद केलास का गं? घूं घूं येत नाहीये."